नऊ हजार डॉलरचं गरम पाणी

न्यू जर्सीत घर घेतलं की पहिल्या हिवाळ्यात बर्फ उडवायचं यंत्र येतं, आणि चार-पाच हिवाळे सरले की हॉट टबचा विषय निघतो. निमित्त बहुधा कंबरेचं किंवा गुडघ्याचं असतं. वाद होतो तो पैशांवरून आणि ऐकायचं कुणाचं यावरून. पुढे ज्यांचं बोलणं आहे त्या काका-पुतणीला मी बेतलंय, त्यांच्या घरचे भावही मीच लावलेत. तशी माणसं मात्र एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत कुठेही भेटतील. काका पुण्याजवळच्या एका पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सध्या पुतणीकडे मुक्कामाला. पुतणी मुक्ता एका शाळेच्या ऑफिसात खरेदीचं काम बघते. शुक्रवारी संध्याकाळी घरसजावटीच्या एका प्रदर्शनात तिने सहा जणांच्या टबसाठी सही केली आणि पाचशे डॉलर आगाऊ भरले. टबची किंमत 8,499. तिचं बजेट सगळं मिळून नऊ हजार. रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा उचलल्या गेल्या आणि टेबलावर कागद आले.

काका: साठ जेट. अगं, दुखायला साठ जागा आणायच्या कुठून?

मुक्ता: जेट मोजून नाही घेतला काका. माणूस बघून घेतला. ऑफिसात मी रोज तेच करते. झेरॉक्सची मशिनं सगळीच चालतात. बंद पडल्यावर जो फोन उचलतो, त्या व्हेंडरला मी धरून ठेवते. हा माणूस अर्धा तास माझ्याशी नीट बोलला. घाई म्हणून केली नाही.

काका: घाई केली नाही, पण सही शुक्रवारीच घेतली.

मुक्ता: ऑफर त्या प्रदर्शनापुरतीच होती. 13,999 चा टब आहे तो.

काका: ते 13,999 लिहिले कुणी? विकणाऱ्याने. खोडले कुणी? त्यानेच. त्या आकड्याला काय अर्थ आहे? तू यंत्राची पाटी वाच. हे बघ, वर मोठ्या अक्षरांत सहा हॉर्सपॉवरचा पंप. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, सहा म्हणजे जवळजवळ साडेचार हजार वॅट. आता खालची बारीक अक्षरं वाच.

मुक्ता: 240 व्होल्ट, 10 अँपिअर.

काका: कर गुणाकार.

मुक्ता: चोवीसशे.

काका: म्हणजे विजेकडूनच सव्वातीन हॉर्सपॉवरच्या वर काही येत नाही. मग पाण्याला सहा कुठून मिळणार? तो आकडा मोटरच्या क्षणभराच्या जोराचा असतो, सतत चालण्याचा नसतो. आणि तेवढ्या पाण्याचे साठ वाटे केले तर एकेका भोकातून काय येणार, गुदगुल्या? वीस-पंचवीस जेट असलेला, पण पंप प्रामाणिक असलेला टब पाठ जास्त चांगली रगडेल.

हॉर्सपॉवर सोडून अँपिअर वाचायची काकांची ही युक्ती लक्षात ठेवावी. शोरूममध्ये टबाचं दार उघडायला सांगून मोटरवरची पाटी वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि विक्रेत्याचा चेहराही वाचून होतो.

काकांना या यंत्राबद्दल आकस होता असं मात्र नाही. टब हा मुळात पंपवाल्यांनीच काढलेला धंदा, याचा त्यांना थोडा अभिमानही होता. जकूझी ही इटलीतून कॅलिफोर्नियात आलेल्या भावांची कंपनी. आधी ते विमानांचे पंखे बनवत. 1921 मध्ये त्यांच्या विमानाला अपघात झाला, एक भाऊ गेला, आणि घराण्याने विमानं सोडून विहिरींचे पंप धरले. पुढे घरातल्या एका लहान मुलाला संधिवात झाला. दवाखान्यात त्याला पाण्याच्या धारांचे उपचार मिळत, ते घरच्या न्हाणीतही मिळावेत म्हणून त्यांनी पाण्यात सोडायचा छोटा पंप केला. 1956 मध्ये तो बाजारात आला, आणि टबातच जेट बसवलेलं मॉडेल 1968 मध्ये.

काका: म्हणून म्हणतो, ही पंप, हीटर आणि झाकण एवढ्याचीच वस्तू आहे. डीलर मध्ये कशाला? मेंबरशिपवाल्या मोठ्या दुकानात चार जणांचा टब 5,500 ला आहे, मी वेबसाइटवर बघितला. भिंतीतल्या साध्या प्लगवर चालतो. इलेक्ट्रिशियन नको, गोडबोल्या माणूस नको. तीन हजार वाचले.

मुक्ता: साध्या प्लगवर म्हणजे 120 व्होल्टवर. हीटर केवढ्याचा?

काका: एक किलोवॅट.

मुक्ता: आता गुणाकार तुम्ही करा. टबात साधारण 1,200 लिटर पाणी. नोव्हेंबरात पाइपाला येतं दहा अंशांचं, न्यायचं चाळीसवर.

(काकांनी बिलाच्या पाठीमागे आकडेमोड केली. कारखान्यातल्या माणसाला कागदाची पाठकोरी बाजू दिसली की राहवत नाही.)

काका: बेचाळीस युनिट लागतील.

मुक्ता: आणि तास?

काका: एक किलोवॅटचा हीटर असेल तर तासही बेचाळीस. वाटेत उडून जाणारी उष्णता वेगळी.

मुक्ता: म्हणजे पाणी बदललं की दोन दिवस टब बंद. 240 व्होल्टचा साडेपाच किलोवॅटचा हीटर तेच काम आठ तासांत करतो. दुसरं असं, की 15 अँपिअरच्या प्लगमधून अठराशे वॅटच्या वर काही ओढता येत नाही, म्हणून असल्या बऱ्याच टबांत जेट जोरात सुरू केले की हीटर बंद होतो. बाहेर उणे पाच, जेट गार हवा पाण्यात ओढताहेत आणि हीटर गप्प. तुमच्या गुडघ्यासाठी वीस मिनिटं बसायचं, तर शेवटची पाच मिनिटं तुम्ही थंड होणाऱ्या पाण्यात.

पाट्या वाचणारा माणूस पाटीवरच हरला, याचं मला बरं वाटलं. पण काका चिवट. ते थेट दुसऱ्या टोकाला गेले.

काका: मग पाच-सहाशे डॉलरचा हवा भरायचा टब घे. एक हंगाम वापर. नव्याची नवलाई संपल्यावरही तू रोज संध्याकाळी कपडे बदलून बाहेर जातेस का ते तरी कळेल. तुझ्या तळघरातल्या ट्रेडमिलवर सध्या काय वाळत असतं, ते मी बघतोय.

मुक्ता: त्या टबांच्या पुस्तिकेत बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं, बाहेर चाळीस फॅरनहाइटच्या खाली गेलं तर वापरू नका. म्हणजे मला हवा असतो नेमक्या त्याच महिन्यांत तो घडी करून गॅरेजमध्ये.

काका: मार्च ते मे वापर. परीक्षाच घ्यायची आहे ना?

ट्रेडमिलचा मुद्दा मुक्ताने ऐकून सोडून दिला. माझ्या मते काकांच्या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाचा तोच होता. ज्यांना टब रोज वापरू की नाही याची खात्री नाही, त्यांनी एखादा वसंत हवा भरलेल्या टबात काढावा आणि मग मोठ्या पैशांचं बोलावं. मुक्ताची कंबर गेली तीन वर्षं दुखत होती, फिजिओथेरपिस्टच्या कोमट तलावात ती आठवड्यातून दोनदा जात होती; तिच्यापुरती परीक्षा झालेली होती असं फार तर म्हणता येईल.

मग बजेट निघालं. मुक्ता दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब दिवसभर चोख ठेवणारी बाई, पण स्वतःच्या घरात तिने 8,499 हा आकडा नऊ हजारांत बसतो एवढंच बघितलं होतं.

काका: विक्रीकर किती?

मुक्ता: न्यू जर्सीत 6.625 टक्के. म्हणजे 563.

काका: वीज?

मुक्ता: इलेक्ट्रिशियन सोळाशे म्हणाला. आमचा पॅनेल गॅरेजच्या बाजूला, टब दुसऱ्या टोकाला. 50 अँपिअरचा जीएफसीआय ब्रेकर, जाड तांब्याची तार, चर खणायचा, टाऊनशिपचं परमिट.

काका: ठेवणार कशावर?

मुक्ता: डेकवर.

काका: डेकवर! अगं, पंधराशे लिटर पाणी म्हणजे पंधराशे किलो. टब साडेतीनशे. सहा माणसं चारशे वीस. सव्वादोन टनांच्या वर झालं. टबाची जागा पावणेपाच चौरस मीटर धर. चौरस मीटरला पावणेपाचशे किलो पडतात. तुमच्याकडे डेक बांधतात तो किती भाराचा?

मुक्ता: चौरस फुटाला 40 पौंड, असं घराच्या कागदांत आहे.

काका: म्हणजे मीटरला दोनशे किलोसुद्धा नाही. हा टब डेकवर गेला तर डेक खाली येईल, तुम्हाला घेऊन.

डेकऐवजी काँक्रीटचा चार इंची चौथरा, अकराशे. पायऱ्या आणि जड झाकण उचलायचा दांडा, साडेचारशे. ट्रकमधून मागच्या अंगणापर्यंत आणायचे तीनशे; पहिल्या खेपेची रसायनं आणि पाणी तपासायच्या पट्ट्या, दीडशे. बेरीज 12,662 झाली. टब बजेटमध्ये होता आणि खरेदी बजेटबाहेर. टबाचा भाव आधी विचारणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं, कारण जाहिरातीत टब असतो आणि वायर नसते.

काकांनी मग हिशेब उलटा मांडायला लावला. टब शेवटी, जागा आधी. टब पॅनेलच्या जवळ, गॅरेजच्या भिंतीच्या बाजूला आणला तर तारेची लांबी एक तृतीयांश होत होती. इलेक्ट्रिशियनने फोनवर नऊशे सांगितले. वीज तोडायचा स्विच टबापासून निदान पाच फूट दूर, पण टबाजवळून दिसेल असा हवा, तेही तिथे जमत होतं. काँक्रीटऐवजी लाकडी चौकटीत दाबून बसवलेली खडी चालते असं बरेच उत्पादक लिहून देतात, त्याचे चारशे. पायऱ्या, वाहतूक, रसायनं तेवढीच. हे सगळं मिळून बावीसशे. उरले 6,800, त्यातून कर काढला की टबासाठी साधारण 6,375.

मुक्ता: एवढ्यात सहा जणांचा चांगला टब येत नाही.

काका: सहा जण आहेत कुठे? तुम्ही दोघं. मी आणखी दोन महिने. मुलगा कॉलेजात.

मुक्ता: पाहुणे येतात ना.

काका: पाहुणे जुलैत येतात. जुलैत गरम पाण्यात कोण बसतंय? फराळाची कढई रोजच्या फोडणीला काढत नाही आपण.

मोठं भांडं घ्यायची खोड आपल्या रक्तातच आहे. सहा जणांचा टब म्हणजे वर्षातले साडेतीनशे दिवस चार रिकाम्या जागांचं पाणी चाळीस अंशांवर राखणं, तेही महिना-दर-महिना बिल भरून. कॅलिफोर्नियात टब विकायचा तर झाकण घालून नुसता ठेवलेला असताना तो किती वीज खातो यावर सरकारी मर्यादा आहे, आणि त्या चाचणीचा आकडा वॅटमध्ये जाहीर करावा लागतो. न्यू जर्सीत घेतानाही तो आकडा विचारता येतो. 200 वॅट म्हणजे दिवसाला 4.8 युनिट. पण ही चाचणी साठ फॅरनहाइटच्या हवेत होते, आणि आपला जानेवारी विशीत असतो. पाण्यातलं आणि हवेतलं अंतर जवळपास दुप्पट होतं, विजेचा खर्चही त्याच मापाने चढतो.

आतल्या फोमवरून दोघांचं जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मुक्ताच्या मते कवचाभोवती पूर्ण फोम भरलेला टब घ्यावा, उष्णता राहते आणि पाइपांना आधार मिळतो. काका म्हणाले, दहा वर्षांनी एखादा सांधा गळायला लागला की तो शोधायला तोच फोम सुरीने कोरत बसावं लागतं. त्यापेक्षा कडेने इन्सुलेशन आणि आत मोकळी जागा असलेला टब बरा. दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर काका बरोबर, बिल भरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मुक्ता. न्यू जर्सीच्या थंडीत मी मुक्ताकडे झुकेन. झाकणाबद्दल मात्र वाद नव्हता. उष्णता सर्वांत जास्त वरून जाते, आणि झाकणातला फोम पाणी पिऊन जड झाला की तो नुसता भार. झाकण ही काही वर्षांनी बदलायची वस्तू आहे, तेव्हा नव्या झाकणाचा भाव टब घेतानाच विचारावा.

आता राहिला डीलर. इथे मुक्ता आपल्या मैदानात होती, निदान तिला तसं वाटत होतं.

मुक्ता: तुमचं सगळं मान्य. छोटा टब घेऊ. पण घेऊ याच माणसाकडून. त्याच्याकडे चार जणांचाही आहे.

काका: त्याचं दुकान कुठे आहे?

मुक्ता: प्रदर्शनात स्टॉल होता.

काका: स्टॉल रविवारी रात्री उचलतील. दुकान?

(मुक्ताने बिल उलटंसुलटं केलं. पत्ता होता, पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकाचा. गाडीने पाच-साडेपाच तास.)

मुक्ता: सर्व्हिसला इकडची माणसं पाठवतो म्हणाला.

काका: वॉरंटीत बघ काय लिहिलंय.

मुक्ता: कवचाला दहा वर्षं, सुट्या भागांना पाच. मजुरी दोन वर्षं मोफत... पन्नास मैलांच्या आत. पुढे प्रवासखर्च ग्राहकाचा.

काका: म्हणजे व्हेंडर बघून घेतलास तो फोन उचलेल, पण येणार नाही.

यावर मुक्ता गप्प बसली नाही, हे तिचं कौतुक. डीलर महत्त्वाचा हे तत्त्व तिने सोडलं नाही. या डीलरला ते लावलं नव्हतं एवढं कबूल केलं. आणि मग तिने काकांच्या वेबसाइटवाल्या दुकानाला तीच फुटपट्टी लावली. तिथे टब ट्रकमधून रस्त्याच्या कडेला उतरवून देतात. पुढे अंगणापर्यंत आणणं आपलं. बिघाड झाला की कंपनीचा नंबर, कंपनी एखादा करारावरचा माणूस शोधणार, आणि त्याच्या यादीत स्वतःच्या गिऱ्हाइकांनंतर आपण. नाताळच्या आठवड्यात हीटर गेला आणि पाइपांत पाणी गोठलं तर पाच हजारांचा टब एका रात्रीत भंगार होतो. काकांनी याला उत्तर म्हणून एवढंच सांगितलं की कंट्रोलची पेटी बाल्बोआ किंवा गेको यांसारख्या, अनेक ब्रँडांना माल पुरवणाऱ्या कंपनीची असावी, म्हणजे डीलरने दुकान बंद केलं तरी भाग मिळतो आणि कुणीही जाणता माणूस दुरुस्ती करतो. हेही खरंच आहे. डीलर कायमचे नसतात. शेवटी दोघं एका गोष्टीवर आले: माणूस जवळचा आणि भाग सगळीकडे मिळणारे.

घरापासून वीस मिनिटांवर एक जुनं दुकान होतं. मुक्ता तिथे गेलीच नव्हती, कारण त्यांच्या काचेवर सूट लिहिलेली नव्हती.

काका: दुकानदाराला जोखायचा कसा? तुझं काम आहे हे.

मुक्ता: विक्रीच्या नंबरला नाही, सर्व्हिसच्या नंबरला फोन करायचा, कामाच्या दिवशी. माझा टब गार पडलाय, माणूस कधी पाठवाल? दोन दिवस म्हणाले तर ठीक. तीन आठवडे म्हणाले तर टब फुकट दिला तरी नको. दुसरं, सर्व्हिसची माणसं त्यांच्या पगारावर आहेत की बाहेरची. तिसरं, वॉरंटीचा कागद आधी वाचायला मागायचा. 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. पंधरा डॉलरच्या वरच्या वस्तूची लेखी वॉरंटी विकण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवावी लागते. जो दाखवायला कां-कूं करेल, तो निभावणार काय?

काका: आणि मागच्या वर्षीचं मॉडेल शोरूममध्ये उभं असेल तर ते माग. पंपाला वर्षाने काही फरक पडत नाही. वॉरंटीची तारीख मात्र विक्रीपासून लिहून घे.

मुक्ता: आणि मी तिथे पाण्यात बसून बघणार. पाठ कुठे टेकते, पाय तळाला लागतात की मी तरंगते, हे ब्रोशरमधून कळत नाही. चांगली दुकानं टब भरून ठेवतात, पोहण्याचे कपडे घेऊन या म्हणतात.

काका: परक्यांच्या पाण्यात?

काकांची भीती अस्थानी नव्हती. फेब्रुवारी 1999 मध्ये नेदरलँड्सच्या बोव्हेनकार्सपेल गावी फुलांच्या प्रदर्शनात विक्रीला मांडलेल्या टबातून लिजिओनेला नावाचा जंतू पसरला आणि तीसहून अधिक माणसं न्यूमोनियाने दगावली. त्यातले कित्येक टबात उतरलेलेही नव्हते, नुसते शेजारून गेले होते. जेटने उडवलेल्या बारीक तुषारांतून जंतू फुप्फुसात गेला. 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्लेचरच्या जत्रेत तसंच झालं, शंभरावर लोक आजारी पडले, तेव्हाही बोट गेलं ते प्रदर्शनातल्या हॉट टबांकडेच. गरम पाण्यात क्लोरीन झपाट्याने संपतं, आणि तो जंतू वाढतो ते नेमकं कोमट ते गरम पाण्यातच.

मुक्ता: म्हणून दुकानदाराने माझ्यासमोर पट्टी बुडवून दाखवायची. क्लोरीन निदान 3 पीपीएम, पीएच 7 ते 7.8 च्या मध्ये. त्याच्या स्वतःच्या दुकानातलं पाणी नीट नसेल तर माझ्या घरचं पाणी सांभाळायला तो काय शिकवणार?

काका: आणि घरी रोज पट्टी कोण बुडवणार?

मुक्ता: रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा.

काका: बरं, दोन-तीनदा. कोण? फिल्टर कोण धुणार? पाणी कोण बदलणार?

पाणी कधी बदलायचं याचा इथे एक ठोकताळा आहे: टबातले गॅलन भागिले तीन, भागिले रोज बसणारी माणसं. 320 गॅलनचा टब आणि दोघं जण, तर त्रेपन्न दिवस. म्हणजे हिवाळ्यातही एकदा तरी टब उपसायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. पाण्याचं तापमान 104 फॅरनहाइटच्या वर न्यायचं नाही, ही इकडची ठरलेली मर्यादा. हृदयविकार असेल किंवा घरात गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. काकांना रक्तदाब आहे. वीस मिनिटांनी बाहेर पडायचं, असं पुतणीने त्यांना बजावलं. ते म्हणाले, तुरळ-राजवाडीच्या कुंडात मी तासभर बसायचो, तिथे पट्टीही नव्हती आणि बिलही नव्हतं. यावर मुक्ताने काही बोलणं टाळलं. संगमेश्वरचे गरम झरे न्यू जर्सीत आणता आले असते तर हा लेखही लागला नसता.

पट्टीचा प्रश्न मात्र टेबलावरच राहिला. नवरा करेल, असं मुक्ता म्हणाली. नवरा तेव्हा घरात नव्हता. माझं मत विचाराल तर ज्या घरात या प्रश्नाला एका माणसाचं नाव मिळत नाही, तिथे टब घेऊच नये, मग डीलर कितीही जवळचा असो. बाकी वादात मी मुक्ताच्या बाजूचा: टब दुय्यम, जानेवारीत दारात येणारा माणूस आधी. फक्त तो माणूस बोलण्यावरून ओळखता येत नाही. त्याचा पत्ता, त्याच्या सर्व्हिसचा फोन आणि त्याच्या वॉरंटीतली मजुरीची ओळ, एवढं बघावं.

काका: पाचशे डॉलर गेले म्हणायचे. बिलावर लिहिलंय, आगाऊ रक्कम परत नाही.

मुक्ता: थांबा, याच्या मागे आणखी एक कागद टाचलाय. दोन प्रती आहेत.

तो कागद रद्द करण्याचा होता. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा एक नियम आहे. विक्रेत्याने आपल्या कायमच्या दुकानाबाहेर, म्हणजे प्रदर्शनात, हॉटेलच्या सभागृहात, जत्रेत 130 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू विकली, किंवा आपल्या घरी येऊन 25 डॉलर किंवा त्याहून जास्तीची, तर सौदा रद्द करायला तीन कामाचे दिवस मिळतात. कारण द्यावं लागत नाही. बिलावर 'परत नाही' असं छापलं म्हणून हा हक्क जात नाही, आणि विक्रेत्याने कामाच्या दहा दिवसांत पैसे परत करायचे असतात. जवळच्या दुकानात जाऊन स्वतः केलेल्या खरेदीला हा नियम लागत नाही, तेव्हा तिथे सही करण्याआधीच विचार पुरा झालेला बरा.

मुक्ताने सोमवारी सकाळी कागद रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि दुपारी वीस मिनिटांवरच्या दुकानाच्या सर्व्हिसला फोन लावला. तुमच्याही हातात प्रदर्शनातलं असं बिल असेल तर दिवस नीट मोजा: शनिवार कामाचा धरतात, रविवार आणि सरकारी सुट्टी धरत नाहीत. शुक्रवारी सही केली असेल तर मुदत मंगळवारी मध्यरात्री संपते, आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का त्याआधीचा लागतो.